मोटारीच्या रोगणावरील ओरखडे व डाग : निदान आणि उपचार

मोटारगाडी ही नित्य वापरातील वस्तू असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठणे व नाना प्रकारची मळी चिकटून बसणे अपरिहार्य आहे. त्यावर कोणी टूथपेस्ट चोळतो, कोणी रॉकेलचा बोळा फिरवितो, तर कोणी दर दोन-तीन महिन्यांनी गॅरेजमध्ये पॉलिश करून घेतो. या प्रत्येक उपायास कोठे ना कोठे शास्त्रीय आधार आहे. परंतु कोणता उपाय कोणत्या विकारावर योजावयाचा, हा विवेक सुटला म्हणजे उपचारच अपाय ठरतो. हा विवेक करण्यासाठी प्रथम एकच प्रश्न विचारावा लागतो. दोष रोगणाच्या वर आहे, रोगणाच्या आत आहे, की रोगणाच्या आरपार गेला आहे?

या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी रोगणाची घडण पाहिली पाहिजे. मोटारीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करून गंजरोधक अस्तर विद्युत्‌निक्षेपणाने बसवितात. त्यावर दुसरे अस्तर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक थर देतात. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांच्या जाडीएवढीच भरते. त्यापैकी पारदर्शक थराच्या वाट्यास सुमारे 40 ते 50 मायक्रॉन येतात. गाडीची झळाळी या थरावर अवलंबून असते; खालच्या रंगाचे अतिनील किरणांपासून रक्षण करणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. एकदा झिजलेला हा थर आपोआप भरून येत नाही.

जुन्या व नव्या रोगणांतील एक भेदही येथे नमूद केला पाहिजे. 1923 मध्ये ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोजचे रोगण अमेरिकेतील ओकलंड मोटारींवर आले आणि पूर्वी रंगकामास लागणारे आठवडे वाचले. ते केवळ विद्रावक उडून जाऊन वाळत असे. म्हणून थिनर लागताच पुन्हा विरघळे. आजचे कारखान्यातील रोगण भट्टीत भाजताना त्यातील रेणुशृंखला परस्परांशी आडव्या बंधांनी जखडल्या जातात. ते सौम्य विद्रावकांस दाद देत नाही. मात्र डबीतील फवाऱ्याने केलेली डागडुजी बहुधा जुन्या जातीची असते. तिच्यावर विद्रावक वापरल्यास डागाबरोबर रंगही निघून येतो. यास्तव कोणताही विद्रावक प्रथम दाराच्या आतील कडेवर लावून पाहावा.

आता रोगणाच्या वरील दोष पाहू. येथे घासण्याचे काम नाही, विरघळविण्याचे आहे. डांबराचे ठिपके हायड्रोकार्बनांचे असल्यामुळे रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिटमध्ये सैल होतात. हे काम ज्योतीपासून दूर करावे, रबरी पट्ट्यांना रॉकेल लागू देऊ नये आणि नंतर जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. झाडाचा चीक पाण्यास दाद देत नाही. पण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेला बोळा क्षणभर धरल्यास तो मऊ पडतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे वण आणि तळघरातील वाहनतळाच्या छतातून ठिबकणारे चुनखडीचे ओघळ हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट होय. पाणी घालून सौम्य केलेल्या व्हिनेगरने ते विरघळते. पक्ष्यांची विष्ठा सर्वांत उतावळी. उन्हात गडद रंगाच्या गाडीचा पत्रा 60 अंश सेल्सिअसच्याही वर तापतो व रोगण मऊ होते. विष्ठेतील आम्लधर्मी द्रव्ये त्यावर काम करतात आणि थंड होताना आकसणारे रोगण वाळलेल्या थराभोवती खळगा धरते. म्हणून ती कोरडी खरवडू नये. ओले फडके दहा मिनिटे ठेवून मग अलगद उचलावी, आणि हे त्याच दिवशी करावे.

दुसरा वर्ग रोगणाच्या आतील ओरखड्यांचा. असा ओरखडा पांढरा दिसतो, कारण त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो. तेथे पांढरा रंग नसतो. याची परीक्षा सोपी आहे. ओरखड्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. रोगणाचा अपवर्तनांक सुमारे 1.5, पाण्याचा 1.33 व हवेचा 1 असल्यामुळे चीर पाण्याने भरताच विखुरणे कमी होते. ओरखडा दिसेनासा झाला तर तो पारदर्शक थरातच आहे. पांढरी किंवा करडी रेघ कायम राहिली तर तो अस्तरापर्यंत पोहोचला आहे. नखही त्यात अडकत असल्यास पॉलिशची आशा सोडावी.

पॉलिश ओरखडा भरीत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचे रोगण खाली आणते. टूथपेस्टही हेच काम करते, कारण तिच्यात घर्षक भुकटी असते. जोरकस पॉलिशच्या प्रत्येक वेळी दोन मायक्रॉन गेले असे धरले, तरी दहा वेळांत 40 मायक्रॉनांचा थर अर्ध्यावर येतो. पुढे ऊन रंगापर्यंत पोहोचते आणि पारदर्शक थराची पापुद्र्यांनी सालपटे निघू लागतात. त्यानंतर सर्व पृष्ठभाग नव्याने रंगविण्यावाचून गत्यंतर नाही. यास्तव सर्वांत सौम्य घर्षकाने आरंभ करावा, आणि उजेडात सहज न दिसणारा ओरखडा तसाच राहू द्यावा.

तिसरा वर्ग आरपार गेलेल्या दोषांचा. प्लॅस्टिकच्या बंपरावर तो केवळ विद्रूपता आणतो. पोलादी पत्र्यावर मात्र तो गंजाचा दरवाजा असतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो रोगणास आतून उचलीत पसरतो, आणि कोकणकिनाऱ्यावरील खारी हवा त्यास वेग देते. येथे दिरंगाई नको. गंज बारीक पॉलिशपेपरने काढावा, जागा पूर्ण वाळवावी, मग अस्तर, गाडीच्या संकेतांकाप्रमाणे रंग व शेवटी पारदर्शक रोगण असे पातळ थर बारीक कुंचल्याने, प्रत्येक थर वाळू देऊन द्यावे. ठिपका दिसेल, पण पत्रा वाचेल.

शेवटी कारणाचा विचार. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. प्रत्यक्षात तेथील चरे सर्व दिशांनी गेलेले असतात. त्यांपैकी प्रतिबिंबाला वळसा घालणारे तेवढे डोळ्याकडे प्रकाश परावर्तित करतात. हे चरे बहुतांशी आपल्याच हातचे असतात. दख्खनच्या काळ्या दगडाच्या भुकटीतील फेल्डस्पार व पायरॉक्सीन यांचे काठिण्य मोज श्रेणीत 5 ते 6 च्या घरात, तर वाळूतील क्वार्ट्झचे 7 असते. रोगण या सर्वांहून मऊ. पुण्यामुंबईच्या गृहसंस्थांतून रोज पहाटे एकाच बादलीतील एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात, तेव्हा ही भुकटीच घर्षक बनते. प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग साबणाच्या पाण्यातील स्वच्छ फडका हलक्या हाताने फिरवावा. तेवढे पाणी नसेल त्या दिवशी गाडी धुळकट राहिलेली बरी. धूळ उद्या निघेल. तिच्यासह निघालेले रोगण परत येणार नाही.