यंत्र अवघड, की आपले वय?

‘आता नाही जमत हो डॉक्टर, वय झालं.’ घरी रक्तदाब किंवा साखर मोजता का, असे विचारले की ज्येष्ठ रुग्णांकडून हे उत्तर वारंवार मिळते. यंत्र घरात असते, पण कपाटात. एकदोनदा चुकीचे बटण दाबले गेले, कोणी हसले किंवा वैतागले, की ते पुन्हा बाहेर निघत नाही. तपासणी राहून जाते आणि वाढलेली साखर कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून या उत्तरातील ‘वय झालं’ हे निदान आपण एकदा तपासून पाहू.

डोनाल्ड नॉर्मन हे अमेरिकेतील मानसशास्त्राचे अभ्यासक आणि नामवंत डिझाइनतज्ज्ञ. रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवरील त्यांचे पुस्तक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे एखादी वस्तू वापरताना पुनःपुन्हा अडखळत असतील, तर दोष बहुधा त्या वस्तूच्या रचनेत असतो, असे ते सांगत आले. २०१९ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून तक्रार केली, की बाजारातील असंख्य वस्तू वृद्धांचा विचार न करताच घडवल्या जातात.

वैद्यकशास्त्र या तक्रारीला दुजोराच देते. वयानुसार डोळ्यातील भिंग ताठर आणि पिवळसर होत जाते. त्यामुळे बारीक अक्षरे किंवा पांढऱ्यावरील फिकट राखाडी मजकूर वाचणे कठीण होते. श्रवणशक्ती कमी होताना उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात, म्हणून यंत्राची ‘पीप’ ऐकू येत नाही. बोटांची त्वचा कोरडी झाली, की मोबाइलच्या पडद्याला स्पर्श नीट कळत नाही. यात बुद्धीचा काहीच संबंध नाही.

रचना बदलली, की अडचण कशी हलकी होते, हे अनेक निवृत्तिवेतनधारकांनी अनुभवले आहे. ‘जीवन प्रमाण’ हा हयातीचा डिजिटल दाखला २०१४ मध्ये आला. मात्र झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र स्वीकारीनाच. पुढे २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. माणसे तीच होती, वयही तेच होते. बदलली ती केवळ पद्धत.

हीच कसोटी आता कृत्रिम बुद्धिमत्तेला लावून पाहा. दाराला मूठ असेल तर ते ओढायचे आणि सपाट पट्टी असेल तर ढकलायचे, हे न सांगता कळावे, असे नॉर्मन म्हणतात. चांगली वस्तू आपला उपयोग आणि आपली मर्यादा स्वतःच दाखवते. मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्ता नेमकी इथे उणी पडते. अफाट मजकुरातून शिकलेल्या धाटणीवरून ती शब्दामागून शब्द जुळवत उत्तर रचते. त्यामुळे बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर सारख्याच आत्मविश्वासाने, सारख्याच गोड भाषेत समोर येते. कुठे थांबावे, हे सांगणारी मूठ त्या दाराला नाही.

समजा, गुडघे दुखतात म्हणून आपण तिला गोळी विचारली. तिने सुचवलेले वेदनाशामक औषध एखाद्या धडधाकट तरुणाला चालेलही. पण आपण रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असाल, मूत्रपिंडे आधीच नाजूक असतील, तर तेच औषध मूत्रपिंडांना इजा करू शकते. आपण सांगितले नाही, तर तिला हे ठाऊक नसते. आणि ती विचारीलच, याची खात्री नाही.

म्हणून तिचा उपयोग जरूर करा, पण जपून. अहवालातील अवघड शब्दांचा अर्थ समजून घ्या, मजकूर मोठ्याने वाचून घ्या, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून घ्या. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा मात्रा बदलणे मात्र तिच्या सांगण्यावरून नको. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर मोबाइलला प्रश्न विचारण्यात क्षणही दवडू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

घरातील काळजीवाहकांना एक विनंती. ‘एवढंही कळत नाही?’ हे वाक्य टाळा. मोबाइलमधील अक्षरे मोठी करून द्या. रक्तदाबाचे यंत्र दंडाला पट्टा बांधण्याचे आणि ठळक आकड्यांचे निवडा. नेहमी लागणाऱ्या बटणावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कृतीच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ठेवा. शिकवताना यंत्र त्यांच्याच हाती असू द्या. आपण फक्त शेजारी बसा.

आणि ज्येष्ठ वाचकहो, कपाटातले ते यंत्र आज बाहेर काढा. पुढच्या तपासणीला येताना ते सोबत आणा आणि कुठे अडते, ते दाखवा. आपल्या डॉक्टरांनी ते पाहणे हाही तपासणीचाच भाग आहे.