दुखणे सांगणाऱ्याला आपण काय बोलतो?

कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीपाशी एका माणसाने मला त्याचे दुखणे सांगितले आणि मी त्याला गप्प केले. त्याला आता काही वर्षे झाली. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते. पण चळवळीच्या माणसांपुढे ते ठेवायला हवे.

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले हे नाना. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे.) साठी ओलांडलेले, गावातल्या विहारासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केलेले. वस्तीवरच्या मारहाणीच्या प्रकरणात अॅट्रॉसिटीचे फिर्यादी. त्या दिवशी तारखेला आले होते, गळ्याभोवती उपरणे गुंडाळलेले. म्हणाले, "वकीलसायब, घशात गाठ निघाली. डॉक्टर कॅन्सर म्हणत्यात."

मी एका दमात म्हणालो, "काही होत नाही नाना. आता औषधं फार पुढे गेलीत. तुम्ही तर भीमाचे वाघ!" आणि वर हेही, "तंबाखू सोडा म्हणून किती वेळा सांगितलं होतं." नाना काहीतरी विचारणार होते. तेवढ्यात आतून पुकारा झाला आणि मी सुटलो, असे वाटून आत गेलो. होय, सुटलो असेच वाटले होते.

पाच महिन्यांत नाना गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या पत्नी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांला तुमाला एकच इचारायचं व्हतं. मी गेल्यावर केसचं काय, माझी साक्ष आधी घेत्यात का म्हणून. तुमी म्हणले काही होत न्हाई. मग ते बोललेच न्हाईत."

कायदा शिकलेल्या माणसाला याहून मोठी चपराक नाही. फिर्यादीची प्रकृती गंभीर असेल तर वैद्यकीय कागद जोडून साक्ष लवकर नोंदवावी, असा अर्ज सरकारी वकिलांमार्फत करता येतो. साक्षीदार अंथरुणाला खिळला असेल तर कमिशन नेमून घरी साक्ष घेण्याचीही सोय आहे. साक्ष न होताच फिर्यादी गेला, तर पोलिसांपुढच्या जबाबाला कोर्टात त्याच्या साक्षीची जागा घेता येत नाही. दोषारोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा, असे २०१५ च्या दुरुस्तीपासून अॅट्रॉसिटी कायदाच सांगतो. ते दोन महिने प्रत्यक्षात किती लांबतात, हे वाचकांना माझ्याहून जास्त माहीत आहे. नानांना मरणाचे भय नव्हते, फिर्याद आपल्याबरोबर जळून जाईल याचे होते. मला फक्त एवढे विचारायचे होते, "नाना, तुम्हाला घोर कशाचा लागलाय?"

सोनईचे हत्याकांड (२०१३) झाले, खर्ड्याचा खून (२०१४) झाला, तेव्हा आम्हाला शब्दांची वानवा पडली नाही. मोर्चे निघाले, निवेदने लिहिली, गळे बसेपर्यंत बोललो. पण शेजारचा कार्यकर्ता हळू आवाजात आपला रिपोर्ट सांगतो, तेव्हा आमची जीभ जुन्याच घरात पळते. मग कोणी वाघ म्हणतो, कोणी मावसभावाच्या कॅन्सरची गोष्ट सांगतो, कोणी झाडपाल्याचा पत्ता देतो. आणि सर्वात वाईट म्हणजे विहारात वंदना घेणारी माणसेसुद्धा उसासा टाकून म्हणतात, "प्रारब्ध! मागच्या जन्मीचे भोग."

बांधवांनो, हा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही. मागच्या जन्मीच्या पापाने अस्पृश्य जन्मलात, हेच आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले गेले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या चौथ्या खंडात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा हा सिद्धान्त तपासून फेटाळला. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी झटकायला तो समाजाला आणि राज्याला उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवून दिले. आजाऱ्याला प्रारब्ध म्हणणारा नेमके तेच करतो. स्वतःचे अंग काढून घेतो.

नगरच्या मातीला सावित्रीबाईंचे पाय लागले आहेत. मिस फरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण इथेच घेतले. त्या १८५६ साली आजारी पडून नायगावला माहेरी होत्या, तेव्हा १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. भावाने आजारपणात मनापासून शुश्रूषा केली, हे त्यात त्या सांगतात. पण तोच भाऊ, तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी कामे करता म्हणून तुम्हाला वाळीत टाकले ते बरेच झाले, असेही बोलला. हाताने सेवा आणि तोंडाने घाव! सावित्रीबाईंनी तिथल्या तिथे त्याला उत्तर दिले, पण अंथरुणावरच्या प्रत्येकाला ते बळ असते असे नाही.

उलट उदाहरण अंगुत्तर निकायात आहे. भग्ग देशातला उपासक नकुलपिता मरणाच्या दारात पडला होता. त्याची पत्नी नकुलमाता त्याला तू बरा होशील म्हणाली नाही. मनात घोर ठेवून मरू नकोस, असे म्हणाली आणि एकेक घोर स्वतः उच्चारत गेली. माझ्यामागे ही मुलांना कशी पोसेल? मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. ही दुसरे घर करील? आपण कसे राहिलो ते तुला ठाऊक आहे. ही धम्मापासून दूर जाईल? तसेही होणार नाही. नकुलपिता पुढे बरा झाला आणि काठी टेकत तथागतांना भेटायला गेला. अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे तथागत त्याला म्हणाले. मला तो बरा झाला यापेक्षा तिला त्याचे घोर माहीत होते, याचे अप्रूप वाटते. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूकडे तथागत गेले, तेव्हा त्यांनीही आधी विचारले: तुला काय झाले आहे, तुझी सेवा करणारे कोणी आहे का? मग पाणी मागवून आनंदासह त्याला स्वतः धुतले.

आणखी एक. कोणी विश्वासाने सांगितलेले दुखणे विहाराच्या माइकवरून सांगायचे नसते, मदत गोळा करायची असली तरी आधी त्याला विचारायचे. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. विश्वासात कळलेली दुसऱ्याची स्थिती त्याच्या लेखी संमतीवाचून उघड करता येत नाही. इतर आजारांत आपल्याला एवढे भान पुरे.

गेल्या वर्षी आमच्या विहारातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे डायलिसिस सुरू झाले. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. (त्यांना विचारूनच हे लिहितो आहे.) मी थोडा वेळ गप्प राहिलो आणि विचारले, "दादा, घोर कशाचा आहे?" वाटले, पैशाचे म्हणतील. जन आरोग्य योजनेचे कागद मी मनात जुळवायलाही लागलो होतो. ते म्हणाले, "वर्षावासाचं ग्रंथवाचन. मंगळवारी आणि शुक्रवारी मी दवाखान्यात, मग वाचणार कोण?"

ते दोन दिवस मी वाचले. माझे वाचन त्यांच्यासारखे नाही, कोर्टात अर्ज वाचावा तसे होते. रात्री त्यांचा फोन यायचा, आज कुठल्या पानापर्यंत आलात म्हणून.