हिशेबाची तालीम मोबाईलवर : मुले का तयार होतात?

व्यापारी बांधव एकत्र बसले की एक तक्रार हमखास निघते. मुले तासन्‌तास मोबाईल घेऊन बसतात आणि विचारले तर म्हणतात, अकाउंट्सचा क्लास चालू आहे. आम्हालाही तो बहाणाच वाटे. आमची तालीम उर्दू माध्यमातली. कीर्द-खतावणी आम्ही दुकानाच्या गादीवर वडिलांशेजारी बसून शिकलो.

मत बदलले ते नुकसानीमुळे. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, माल देणाऱ्याने दाखवलेले बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरले नाही, तर त्यावरचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. एका ठोक व्यापाऱ्याला आम्ही कापडावरचा पाच टक्के कर मोजून दिला. त्याने बिल चढवलेच नाही. तीन महिने कोणाच्या ध्यानात आले नाही. शेवटी बी.कॉम.ला असलेल्या आमच्या पुतणीने एका संध्याकाळी ते शोधून काढले. कुठे शिकलीस, विचारले तर म्हणाली, "मोबाईलवर, चाचा."

अमेरिकेतील संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली दाखवून दिले होते की, माणूस नवे यंत्र स्वीकारतो तो दोन गोष्टी पाहून : ते उपयोगाचे आहे का आणि वापरायला सोपे आहे का. त्यातही उपयोगाचे पारडे जड. हिशेबाच्या विद्यार्थ्यांना हे तंतोतंत लागू पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के आणि त्यापुढे अठरा टक्के जीएसटी झाला. छापील पुस्तकात जुनाच दर राहतो. ऑनलाईन शिकवणारा तो लगेच बदलून सांगू शकतो. ज्याला नोकरी मिळवायची आहे तो दुसरे काय पाहणार?

आमच्या मते आणखी एक कारण आहे, ते मुले सहसा बोलून दाखवत नाहीत. मराठी किंवा उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला घसारा समजतो, 'डेप्रिसिएशन' ऐकले की तो गांगरतो. भरल्या वर्गात "सर, पुन्हा सांगा" म्हणायला जीभ रेटत नाही. मोबाईलवर तोच धडा चार वेळा मागे नेऊन ऐकता येतो, हसणारा कोणी नसतो.

अंतराचा प्रश्न तर आहेच. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांची सोय झाली. पण सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सी.ए.च्या तयारीसाठी नागपूरला खोली घेऊन राहणे प्रत्येक घराला झेपत नाही, मुलींच्या बाबतीत तर घरचे आधीच नाही म्हणतात. सी.ए. संस्थेचे मोफत ऑनलाईन वर्ग आणि सरकारचे 'स्वयम्' अशा घरांना उपयोगी पडतात. यू.जी.सी.च्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठाची मान्यता असल्यास एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करता येतात.

मात्र २०२० च्या टाळेबंदीत जे चालले त्याला आम्ही स्वीकार म्हणणार नाही. ती सक्ती होती. गच्चीवर चढून रेंज शोधणारी मुले आम्ही पाहिली आहेत. आजही पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. शिवाय ताळेबंद दोनशे रुपयांनी चुकला तर चूक कुठे आहे हे पडदा सांगत नाही. त्याला शेजारी बसणारा उस्ताद लागतो. म्हणूनच निव्वळ ऑनलाईनपेक्षा मिश्र पद्धत बरी : धडा घरी ऐकावा, गणित कॉलेजात समोर बसून सोडवावे.

आणि सराव दुकानात करावा. आमची पुतणी आता दर महिन्याच्या १४ तारखेला २बी आली की बिलांची फाईल घेऊन गादीवर बसते. तिच्या दोन मैत्रिणींनाही बसायचे आहे. त्यांच्या घरी आम्ही या जुम्म्याला बोलणार आहोत.