अंगणात उंच गवत लावा, पण ठोंबाचे लावा



गवत म्हटले की आपला हात आधी विळ्याकडे जातो. शेतातले गवत काढता काढता जन्म गेला, आणि हे साहेब आता अंगणात गवत लावा म्हणतात, असे तुम्हाला वाटेल. पण येत्या पावसात घराभोवती एक चक्कर मारून पाहा. पागोळ्यांचे पाणी अंगणात पडते, उताराने वाहते आणि जाताना माती घेऊन जाते. चार-पाच पावसाळ्यांत जोत्याचा दगड उघडा पडतो. न्हाणीचे पाणी मागल्या दारी साचते. उन्हाळ्यात वरणगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर चढतो आणि गरम वाऱ्याची झळ थेट ओट्यावर येते. या तिन्ही दुखण्यांवर उंच वाढणारे गवत कामी येते, आणि दिसायलाही ते चांगले दिसते.

मात्र कोणते गवत लावायचे, हे आधी ठरवायला हवे. तिथे चुकले तर गवत दुसऱ्याच्या बांधावर जाते आणि भांडण आपल्या दारात येते.

आधी माझी चूक ऐका

नोकरीच्या सुरुवातीला मी वरणगावला राहत होतो. घरामागे सांडपाण्याची ओल होती. नाल्यातला नळ, ज्याला काही जण देवनळ म्हणतात, त्याचे पांढरे तुरे मला फार आवडले. दोन गड्डे आणून लावले. पहिल्या वर्षी लोक थांबून बघायचे. दुसऱ्या वर्षी शेजारचे आप्पा सकाळीच दारात उभे राहिले. म्हणाले, "साहेब, तुमचं गवत माझ्या केळीत आलं. आता शेताला सल्ला कोणाचा घ्यायचा?" मान खाली घालून कुदळ घेतली. जमिनीखालून गेलेल्या गाठाळ मुळ्या खणून काढायला दोन उन्हाळे लागले. एक तुकडा राहिला तरी त्याला कोंब यायचा.

त्या दिवसापासून मी एकच नियम सांगतो: अंगणात ठोंबाने वाढणारेच गवत लावा, पळणारे लावू नका.

ठोंबाचे कोणते, पळणारे कोणते?

एक झाड उपटून पाहा. सगळे फुटवे एकाच बुडख्यातून निघत असतील आणि मुळे झुपक्याने खाली जात असतील, तर ते ठोंबाचे गवत. ते लावल्या जागी जाड होते, पण चालत नाही. मुळाशी गाठी-गाठींची आडवी कांडी असेल, तर ते पळणारे. कुंदा, हराळी आणि नळ या जातीचे आहेत. काळ्या जमिनीत कुंद्याने काय छळ होतो ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरी परीक्षा बियाची. शहरातल्या रोपवाटिकांत मोठ्या तुऱ्याचे पंपास गवत शोभेसाठी विकतात. ते ठोंबाचे असले तरी त्याचे हलके बी वाऱ्याने दूर उडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये बागेसाठी आणलेले हे गवत रानोमाळ पसरले आणि तिथे आता ते तण ठरले आहे. परक्या तुऱ्याला भुलू नका. आपल्याकडे चांगली गवते आहेत.

चार जागा, चार गवते

1. उताराची कड आणि सांडपाणी – वाळा. माठात घालतो तोच हा वाळा. उंची 5 ते 6 फूट. याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत वर्षा-दोन वर्षांत 8 ते 10 फूट. दाट ओळ झाली की वाहते पाणी अडते, गाळ मागे बसतो आणि पाणी हळूहळू पुढे निघते. पाणी साचले तरी वाळा तग धरतो आणि उन्हाळ्यातही टिकतो. कर्नाटकात म्हैसूरकडे गुंडलुपेट भागातले शेतकरी शंभर वर्षांहून अधिक काळ याचे बांध राखून आहेत. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी 1987 साली वाळ्यावर पुस्तिका काढली आणि माती राखण्यासाठी त्याचा वापर जगभर पसरला. सावली मात्र याला सोसत नाही, निंबाखाली लावू नका. रानटी वाळ्याला काही ठिकाणी बी धरते, म्हणून ज्याच्या ओळीभोवती नवी रोपे उगवलेली नाहीत अशाच ठिकाणचे ठोंब आणा.

2. मुरमाड, कोरडी जागा – रोशा गवत. हे तर आपल्या खानदेशचेच. जुन्या काळी नंदुरबार-पिंपळनेर भागात डोंगरातला रोशा कापून, भट्टी लावून त्याचे तेल काढीत. ते तेल मुंबईमार्गे परदेशी जाई. त्याचा वास गुलाबाशी मिळताजुळता, म्हणून तिकडे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळही होत असे. उंची 5 ते 7 फूट. पावसाळा सरता सरता फुलोरा येतो आणि पिकताना लालसर होतो. दारची शोभा म्हणून याच्यासारखे दुसरे नाही. जनावरे याला सहसा तोंड लावत नाहीत. पाणी साचणाऱ्या जागी मात्र लावू नका. बी गळण्याआधी तुरे कापा.

3. स्वयंपाकघराजवळ – गवती चहा. उंची 3 ते 4 फूट. याला फूल क्वचितच येते, म्हणून बियाने पसरण्याची भीती नाही. तीन-चार वर्षांनी ठोंब खणून, फोडून नव्या जागी लावा. घरासाठी दोन ठोंब पुरे.

4. वाऱ्याची बाजू – गजराज गवत. केळीच्या बागेभोवती वारा अडवायला आपण हे लावतोच. तेच गोठ्याच्या पश्चिमेला दोन ओळींत लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या यशवंत आणि फुले जयवंत या जाती चांगल्या आहेत. पहिली कापणी 9 ते 10 आठवड्यांनी, पुढच्या 6 ते 8 आठवड्यांनी करा. दोन्ही ओळी एकदम कापू नका. एक कापली की दुसरी वारा अडवते. चारा नुसता न देता लसूणघास किंवा चवळीचा पाला मिसळून द्या.

लागवड कशी करावी?

पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा. वाळ्याचा ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचा एक भाग घ्या. पाने वीतभर ठेवून छाटा, मुळे चार बोटे ठेवा. उताराला आडवी एकच ओळ धरून अर्ध्या अर्ध्या फुटावर लावा. तीस फूट कडेला 60 ठोंब लागतील. मधे मेलेला ठोंब महिन्याभरात भरून काढा. एक फट राहिली तरी सगळे पाणी तिथूनच घुसते आणि ओळ असून नसल्यासारखी होते. रोशाची रोपे मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर तयार करून पाऊस लागल्यावर दीड-दोन फुटांवर लावा.

साप आणि आग

बायाबापड्यांचा पहिला प्रश्न असतो, "साहेब, साप नाही का येणार?" कोणतेही दाट गवत निष्काळजीपणे वाढू दिले तर उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. म्हणून उंच गवत दारापासून आणि भिंतीपासून किमान 5 फूट दूर ठेवा. वाळा वर्षातून दोन-तीन वेळा गुडघ्याखाली कापा, बुडातला वाळका पाला काढत राहा. कापल्याने फुटवे वाढून ओळ दाट होते. माघ-फाल्गुनात एक कापणी चुकवू नका. वाळके गवत आणि वैशाखातला वारा एकत्र आले की ठिणगी पुरे. चूल आणि कडब्याची गंजी यांच्याजवळ गवताची ओळ नकोच.

आणखी एक सांगणे. वाळ्याच्या मुळांना बाजारात भाव मिळतो, म्हणून बांधाची ओळ खणू नका. मुळे काढली की बांध गेला. मुळांसाठी वेगळा वाफा करा.

सुरुवात लहान करा. या पावसाळ्यात अंगणाच्या खालच्या कडेला वाळ्याची एकच ओळ लावा. पुढच्या पावसात ओळीमागे किती माती थांबली ते हाताने मोजा. ती माती तुमचीच आहे, आजवर ती तापीत जात होती. ठोंबांसाठी आणि अधिक माहितीसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पाल आणि ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारा.