महाडातून फिरलेली पेशवाई

१७९६ च्या पावसाळ्यात मराठी राज्याची सूत्रे पुण्यातून नव्हे, तर सावित्रीकाठच्या महाडातून हलत होती. पुण्याहून जीव वाचवून निघालेला एक कारभारी तेथे येऊन राहिला आणि काही महिन्यांत त्याने पेशवा बदलून दाखवला. तो कारभारी म्हणजे नाना फडणवीस.

ऑक्टोबर १७९५ मध्ये पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून वारले. वय एकवीस, पोटी संतान नाही. गादीचा जवळचा वारस रघुनाथरावांचा थोरला मुलगा बाजीराव. पण तो आणि त्याचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा यांना नानांनीच शिवनेरीवर अडकवून ठेवले होते. बाजीराव दौलतराव शिंद्यांशी संधान बांधतो आहे हे कळताच नानांनी डाव फिरवला आणि परशुरामभाऊ पटवर्धनांना शिवनेरीवर पाठवले. बाजीरावाचा विश्वास बसावा म्हणून भाऊंनी गाईचे शेपूट हातात धरून आणि गोदावरीचे नाव घेऊन शपथ वाहिली. तेव्हा कुठे बाजीराव गड उतरला.

शिंद्यांचे कारभारी बाळोबातात्या पागनीस यांना हे रुचले नाही. त्यांनी परशुरामभाऊंना आपल्याकडे वळवून चिमाजी आप्पाला पुढे केले. सवाई माधवरावांची विधवा यशोदाबाई यांच्या मांडीवर त्याला दत्तक दिले आणि मे १७९६ मध्ये पेशवाईची वस्त्रे मिळवली. नात्याने चिमाजी सवाई माधवरावांचा चुलता. चुलता पुतण्याचा मुलगा झाला, तोही स्वतःच्या मर्जीविरुद्ध.

पुणे सोडलेले नाना त्या वेळी वाईत होते. समेटाच्या बोलणीसाठी परशुरामभाऊंचा मुलगा हरिपंत येणार असे ठरले होते, पण चार माणसांनिशी येण्याऐवजी तो चार-पाच हजार निवडक स्वारांसह नीरा ओलांडून आला. त्यातच बाबाराव फडक्यांचे गुप्त पत्र पोचले : क्षणही न दवडता निघा. नाना निघाले, मागचे घाट अडवले, प्रतापगडावर शिबंदी चढवली आणि महाड गाठले. तेथे पोचताच पहिले काम केले ते रायगडच्या बंदोबस्ताचे.

महाडची जागा अशा प्रसंगाला फार सोयीची होती. देशावरून पार घाटाने पोलादपूरकडे उतरणारी वाट प्रतापगडाच्या पहाऱ्याखाली होती. उत्तरेला रायगड. भरतीच्या पाण्यावर गलबते सावित्रीतून थेट महाडपर्यंत येत, आणि नदीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे होता. घाट रोखता येत होता, गडावर चढता येत होते आणि वेळ पडल्यास समुद्रही मोकळा होता. पाठलाग करावा असा आग्रह बाळोबातात्यांनी धरला, पण परशुरामभाऊंनी तो मानला नाही. नानांना हवी होती ती उसंत मिळाली.

या उसंतीत नानांनी प्रत्येकाला त्याच्या गरजेची किंमत देऊ केली. बाळोजी कुंजीर मध्यस्थ झाला आणि कालचा कैदी बाजीराव नानांचा उमेदवार ठरला. दौलतराव शिंद्यांना अहमदनगरचा किल्ला आणि दहा लाखांचा मुलूख मिळायचा होता. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क खर्ड्याच्या लढाईनंतर पुण्यात ओलीस होता. त्याच्यामार्फत निजामाशी ऑक्टोबरमध्ये महाडचा तह झाला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला जिंकलेला मुलूख परत करायचे त्यात ठरले. नागपूरकर रघूजी भोसले आणि तुकोजी होळकर यांनाही नानांनी आपल्या बाजूला वळवले.

२७ ऑक्टोबर १७९६ रोजी दौलतरावांनी आपल्याच कारभाऱ्याला, बाळोबातात्यांना, कैद केले. परशुरामभाऊ चिमाजीला घेऊन जुन्नरकडे पळाले, पण पकडले गेले. नोव्हेंबरमध्ये नाना पुण्यात परतले आणि ४ डिसेंबरला बाजीराव पेशवा झाला. चिमाजीचे दत्तविधान रद्द ठरवण्यात आले. ते सुचवणाऱ्या शास्त्र्याची हकालपट्टी झाली आणि बळजबरीने दत्तक गेलेल्या चिमाजीला मात्र प्रायश्चित्त घ्यावे लागले.

मसलत यशस्वी झाली, पण दिलेली वचने निभली नाहीत. बाजीरावाने महाडचा तह पुरता पाळायला नकार दिला. दुखावलेल्या निजामाने १७९८ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. नानांनाही ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांनी दग्याने पकडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. यशोदाबाईंना बाजीरावाने रायगडावर कैदेत टाकले.

पुढे १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हडपसरला पराभव झाल्यावर बाजीराव स्वतः याच महाडात आश्रयाला आला. तेथून तो समुद्रमार्गे वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. नानांना महाडात बसून राज्य परत मिळवता आले. बाजीराव महाडातून निघाला तो राज्याचे स्वातंत्र्य गमावण्यासाठी.