सफाई मित्रांची सुट्टी आणि शाळेची गल्ली




गोकुळाष्टमीच्या सुमारास आपल्या पाल्याच्या डायरीत शाळेची एक सूचना येईल. इयत्ता सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी गोगानवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेसमोर जमावे आणि शाळेची गल्ली, पटांगण व बस उभ्या राहतात ती जागा स्वच्छ करावी, अशी ती सूचना आहे. पालक सभेत हा विषय निघाला तेव्हा काही पालकांनी सरळ विचारले, की मुलांना आम्ही शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही; सफाई कर्मचाऱ्यांचा मान राखायचा तर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. प्रश्न रास्त आहे. सूचनेच्या तीन ओळींत त्याचे उत्तर बसत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम गोगानवमीविषयी. आपल्या घरच्या कॅलेंडरात श्रावण वद्य नवमीला गोपाळकाला असतो. हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तीच तिथी तेथे भाद्रपद कृष्ण नवमी होते, आणि त्या दिवशी गोगानवमी असते. गोगाजी हे राजस्थानचे लोकदैवत. चौहान कुळातील वीर, सर्पदंशापासून रक्षण करणारे, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही मानलेले. मुसलमान त्यांना जाहर पीर म्हणतात. हनुमानगढ जिल्ह्यातील गोगामेडी येथे त्यांचे स्थान आहे व भाद्रपदात मोठी जत्रा भरते. आपल्या इंदूरचा वाल्मीकी समाज हा सण फार श्रद्धेने करतो. उंच सजवलेल्या छड्या, म्हणजे निशाणे, घेऊन मिरवणुका निघतात आणि रात्रभर ढोल वाजतात. शहर झाडणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात याच समाजाचे. रात्रभर मिरवणुकीत नाचलेल्या माणसाने पहाटे पाचला पुन्हा झाडू घेऊन उभे राहावे, असे पूर्वी चाले. गेल्या काही वर्षांत नगर निगमाने (महाराष्ट्रातले आपले नातेवाईक महापालिका म्हणतात तीच) नवमीच्या दुसऱ्या दिवशी सफाई मित्रांना सुट्टी देण्याची आणि त्या दिवशी महापौर, पार्षद, अधिकारी व नागरिक यांनी हाती झाडू घेण्याची पद्धत सुरू केली. वर्तमानपत्रात फोटो येतात, त्यात एखादा झाडू उलटा धरलेलाही दिसतो. पण सुट्टी खरी असते. सत्काराच्या अनेक प्रकारांत आम्हाला हा प्रकार सर्वांत सच्चा वाटतो, कारण यात सन्मान घेणाऱ्याला कुठे जाऊन बसावे लागत नाही, भाषणे ऐकावी लागत नाहीत. तो आपल्या घरी, आपल्या सणात असतो आणि त्याचे काम दुसरे कोणी करते.

ते काम नेमके काय, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सकाळी गाणे वाजवत कचरा गाडी येते, आपण डबे घेऊन खाली जातो, एवढेच आपण पाहतो. मुख्य रस्त्यांची यंत्राने झाडलोट आपण झोपेत असताना होते. सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली मध्यरात्रीनंतर आवरते, त्यानंतर तेथे झाडू फिरतो. सकाळी सोन्या-चांदीची दुकाने उघडतात तेव्हा आदल्या रात्रीच्या जिलबीचा पाकसुद्धा फरशीवर दिसत नाही. गल्ल्यांमध्ये हाताने झाडतात. गाडीला कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, घरगुती घातक कचरा (जुनी औषधे, ट्यूबलाइट), सॅनिटरी आणि ई-कचरा. गाडी ट्रान्सफर स्टेशनवर रिकामी होते, तेथे कचरा दाबून मोठ्या वाहनांत भरतात आणि देवगुराडियाच्या मैदानावर नेतात. एके काळी तेथे कचऱ्याचे डोंगर होते. आज तेथे ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याचा कारखाना आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले तेव्हा त्याची क्षमता दररोज ५५० टन ओला कचरा, त्यातून सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी आणि १०० टन खत अशी सांगण्यात आली. आपण फेकलेल्या भाजीच्या देठांवर शहरातली बस धावते, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात.

पण हा सगळा खटाटोप एका गोष्टीवर उभा आहे: ओल्यात प्लास्टिक जाता कामा नये. आपण कंटाळा करून पिशवीसकट खरकटे टाकले तर ती पिशवी पुढे कुणाला तरी हाताने काढावी लागते. दुसरा मार्ग नाही.

सणासुदीला हे काम किती वाढते ते रंगपंचमीला पाहावे. गेर निघते, राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते, गुलाल आणि रंगाच्या पाण्याने रस्ते भिजतात, चपलांचा खच पडतो. दुपारी लोक घरी परततात, आंघोळ करून जेवतात, झोपतात. ते उठेपर्यंत रस्ता धुतलेला असतो. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात, त्या रात्रीचेही असेच. आपला उत्सव संपतो तेव्हा त्यांची पाळी सुरू होते.

आता एक शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. ती आपल्याच शहराची आहे, तरी इंदुरात फारशी कुणाला ठाऊक नाही. सर पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश विद्वान होते. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेचे जाणकार म्हणून जगभर नाव झाले, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्याच्या थोडे आधी महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने त्यांना इंदूरच्या नगररचनेसाठी बोलावले. १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला. नगररचनेचे विद्यार्थी आजही तो वाचतात.

गेडिस आले तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळ हिंडणारा हा म्हातारा साहेब आपली घरे पाडायला आला आहे, असे लोकांना वाटे. चरित्रकार सांगतात, की गेडिसांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली: मला एका दिवसापुरते महाराज करा. परवानगी मिळाली. मग त्यांनी दवंडी पिटवली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातील लोक आपली घरे व गल्ल्या सर्वांत चांगल्या स्वच्छ करतील, दुरुस्त करतील, तिकडून ती जाईल. कोणता भाग, ते कुणालाच सांगितले नाही. झाले! प्रत्येक मोहल्ल्याला वाटू लागले, की मिरवणूक आपल्या दारावरून जावी. घरे झाडली, सारवली, रंगवली गेली. हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला आणि उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत आधी लवाजमा आणि सुगीची दृश्ये. नंतर उदास सुरांत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर. त्यानंतर वाद्यांचा सूर बदलला आणि शहरातील सफाई कामगार आले. पांढरे स्वच्छ कपडे, झाडूंना फुले, रंगवलेल्या गाड्या आणि डोक्याला नवे फेटे. तसाच फेटा त्या दिवशी शहराच्या अधिकाऱ्यांनी आणि खुद्द गेडिसांनीही बांधला होता, असे सांगतात. त्यांच्यामागून लक्ष्मी, आणि पुढे उद्याच्या इंदूरचे देखावे: बागा, ग्रंथालये, नवी घरे. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली. त्यानंतर प्लेग ओसरला. त्यात ऋतू पालटल्याचाही वाटा असणार, हे मान्य करायला हवे.

आम्हाला या हकीकतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक तर त्या काळात, जेव्हा झाडू हाती असलेल्या माणसाची सावलीही लोक टाळत, तेव्हा त्याला मिरवणुकीत लक्ष्मीच्या पुढे चालवले. दुसरी गोष्ट अधिक मोठी. मिरवणुकीच्या आधी सगळ्या शहराने स्वतः झाडून काढले होते. नुसते फेटे बांधले असते आणि गल्ल्या तशाच घाण ठेवल्या असत्या, तर तो तमाशा झाला असता.

शाल-श्रीफळाविषयी आमचे म्हणणे हेच आहे. सत्कार वाईट नाही, आनंदाने करावा. पण पाहुणे उशिरा येणार, भाषणे लांबणार, तोवर सत्कारमूर्ती मांडवाच्या मागच्या रांगेत उन्हात बसणार, त्यांची नावे यादीवरून चुकीची वाचली जाणार, आणि फोटो झाला की ते पुन्हा पाळीवर जाणार. मस्टरवर काम करणाऱ्याला शालीपेक्षा वेळेवर मिळालेला पगार, हातमोजे आणि आजारपणाची रजा मोलाची असते. विश्वस्त मंडळाशी बोलून आम्ही असे ठरवले आहे, की आपल्या गल्लीच्या सफाई मित्रांना व दरोगा साहेबांना त्यांच्या सोयीच्या दिवशी शाळेत फराळाला बोलवायचे. शिक्षक, मुले आणि ते एकाच पंगतीत, एकाच प्रकारच्या ताटल्यांत. भाषण नाही. त्यांना वाटले तर ते मुलांशी बोलतील, आणि नावे मुलांनी आधीच विचारून नीट पाठ करायची आहेत.

आता पालकांच्या मूळ शंकेकडे. शाळेत मुलांच्या हाती झाडू, या गोष्टीला आपल्या देशात एक काळा इतिहास आहे. अनेक ठिकाणी ठरावीक जातीच्या मुलांनाच वर्ग झाडायला, संडास धुवायला लावले गेले. इंदूरजवळच्या महूत जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्याला शाळेत काय आले, ते आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. म्हणून आपल्या शाळेत नियम पक्का राहील. गट हजेरी क्रमांकाने पडतील. कोणत्याही मुलाला किंवा मुलीला घर, आडनाव, फी पाहून काम मिळणार नाही. नाली, स्वच्छतागृह, काच, सुया यांना विद्यार्थी हात लावणार नाहीत. ते काम मोठ्यांचे. शिक्षक, लिपिक, आम्ही स्वतः आणि येतील ते विश्वस्त सगळे झाडू घेऊन असू. ज्या पालकांची हरकत कायम असेल त्यांनी डायरीत लिहावे, त्या मुलाला कोणी काही बोलणार नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत, हे आपण घरोघरी कौतुकाने सांगतो. तेव्हा तासाभराच्या झाडलोटीने मुलांचा अभ्यास बुडेल असे आम्हाला वाटत नाही.

वरच्या वर्गांसाठी त्याच आठवड्यात एक तास कायद्याचा ठेवला आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामाला बंदी करणारा कायदा २०१३ चा. गटारात उतरून मरण पावलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ माणसे अजून उतरत आहेत. मुलांनी हे वाचावे आणि प्रश्न विचारावेत.

प्रश्न निगमालाही विचारावेत. इंदूर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात २५ वे होते. २०१७ पासून ओळीने पहिले आले, २०२३ मध्ये सुरतेसह, आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात सुपर स्वच्छ लीगमध्येही वरच राहिले. त्याच शहरात डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून माणसे दगावली. झाडणाऱ्याचे कौतुक करताना पाइपलाइनची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांना विचारणे थांबवायचे, असे होत नाही. दोन्ही एकाच नागरिकाची कामे आहेत. झाडू मारणारा सफाई मित्र त्या पाइपलाइनचा निर्णय घेत नाही. बहुधा तो अशाच एखाद्या वस्तीत राहतो.

शेवटी घरच्यांसाठी थोडे, विशेषतः ज्यांच्याकडे सकाळी डबे नेण्याचे काम मुलांवर असते त्यांच्यासाठी. डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून त्यांच्याच कप्प्यात द्यावेत. इन्सुलिनच्या सुया रिकाम्या, झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत साठवाव्यात आणि बाटली घातक कचऱ्यात द्यावी. फुटलेली काच जाड वर्तमानपत्रात बांधून वर लाल पेनाने मोठी फुली मारावी आणि गाडीवरच्या दादाला किंवा ताईला तोंडाने सांगावे, की यात काच आहे.