नियम एकच, बार दोन!

2005 साली महाराष्ट्राने मुंबई पोलीस कायद्यात कलम 33-अ घालून डान्स बार बंद केले. त्याच दुरुस्तीतल्या 33-ब ने मात्र तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना मोकळीक दिली. नाच तोच, दारू तीच. फरक गिऱ्हाइकाच्या खिशाचा. हा उघड पक्षपात होता. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

2016 च्या नव्या कायद्याखालील नियमांनी डान्स बारच्या परवान्यासाठी मालकाचे ‘चारित्र्य चांगले’ असण्याची अट घातली. चांगले म्हणजे काय, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर! ती संदिग्ध अट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये फेटाळली. बारमधील सीसीटीव्हीची सक्तीही गेली. आता मागणी एवढीच: परवाना नाकारायचा तर कारण लेखी द्या आणि ते जाहीर करा.